मनाच्या दुखण्याबद्दल नागपुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं समुपदेशन केंद्र पूर्व नागपुरात एका समाजभवनाच्या मागच्या खोलीत चालतं. पाटी लहान आहे आणि दार गल्लीच्या बाजूला आहे, दोन्ही मुद्दाम. कारण पहिल्यांदा येणारा माणूस आधी मागे वळून बघतो, कुणी ओळखीचं तर नाही ना. बरेचदा पहिल्यांदा येतो तो त्रास असलेला माणूस नसतोच. येते त्याची आई, बायको, मोठी बहीण. "माझं काही नाही हो ताई, घरच्याबद्दल विचारायचं होतं," अशी सुरुवात होते. खाली दिलेले बहुतेक प्रश्न अशाच माणसांनी विचारलेले आहेत, आणि उत्तरंही आधी त्यांच्यासाठी आहेत.

ज्याला त्रास आहे तो यायला तयारच नाही. मी एकटी आले तर चालेल का?

चालेल. याच. हा प्रश्न आम्ही सगळ्यात वर ठेवला, कारण या एका अडचणीपायी घरंच्या घरं वर्षानुवर्षं थांबून राहतात. "तो येईल तेव्हा नेऊ," म्हणतात. तोवर नोकरी जाते, घरातलं बोलणं बंद होतं, आणि सांभाळणाऱ्याचीही झोप उडते.

एकट्या आलात तर तीन कामं होतात. एक, घरात काय चाललंय ते आम्हाला कळतं, आणि हे समुपदेशनावर निभावेल की डॉक्टर लागेल याचा अंदाज येतो. दोन, त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरवता येतं. "तुला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय" म्हटलं की दार बंद होतं. "तुझी झोप होत नाही, त्याचं काहीतरी करू. मीही दाखवणार आहे, तू सोबत चल," असं म्हटलं तर निदान ऐकून घेतो. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्याकडे कुणीतरी बघतं. वाठोड्याहून एक काकू मुलासाठी चार वेळा आल्या. पाचव्या वेळी खुर्चीत बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज माझंच सांगू का?" मुलगा दोन महिन्यांनी आला. तोवर त्याच्या आईला स्वतःच्या पायावर उभं राहता येऊ लागलं होतं.

एक मात्र खोटं बोलून आणू नका. "दात दाखवायला जाऊ" म्हणून आणलेला माणूस दारातूनच परत फिरतो आणि पुन्हा तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

एवढ्याशा गोष्टीसाठी यायचं का? टेन्शन तर सगळ्यांनाच असतं.

असतं. परीक्षा झाली, पगार झाला, पाहुणे गेले की ते उतरतं. ज्याच्यासाठी यायला हवं ते उतरत नाही. आमचं ढोबळ माप असं: सलग दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष किंवा माणसांत मिसळणं यातलं काही बिघडलेलं असेल, तर या. नेहमी चिवडा-पोह्याला पहिला हात घालणारा माणूस ताट पुढे सरकवून उठतोय, पहाटे तीनला जाग येऊन उजाडेपर्यंत आढ्याकडे बघतोय, पोळ्याला बैलजोडी बघायला दरवर्षी जाणारा यंदा घरातच पडून आहे. अशा खुणा घरातल्यांना आधी दिसतात.

आणि ज्याला उदास वाटतंय तो "उदास" हा शब्द वापरेलच असं नाही. आमच्याकडे लोक सांगतात, "डोकं जड जड वाटून राहिलं," "जीव लागत नाही," "अंगात त्राणच नाही," "उगाच घाबरल्यासारखं होते." पुरुष बहुधा चिडचिडीच्या रूपानं सांगतात.

छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, वाटतं आता गेलो. पण ईसीजी नॉर्मल येतो. मग हे काय आहे?

पहिल्यांदा असं झालं तर आधी डॉक्टरांकडेच जा. छातीत दुखणं मनाचं समजून घरी बसू नका, विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, शुगर-बीपी असेल तर. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, त्यांच्यामुळेही धडधड होते.

पण तपासण्या वारंवार ठीक येत असतील तर हा पॅनिक अटॅक असू शकतो. शरीरात धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा आहे. वाघ समोर आला तर पळायला रक्त, श्वास, घाम सगळं एका क्षणात तयार ठेवते. पॅनिकमध्ये वाघ नसतानाच ती घंटा वाजते. दहाएक मिनिटांत त्रास शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. त्यात जीव जात नाही. पण तो पुन्हा येईल या भीतीनं माणूस बसमध्ये चढणं, बाजारात जाणं, एकटं राहणं सोडतो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

इतवारीतल्या एक बाई साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत अकरा ईसीजी घेऊन आल्या होत्या. सगळ्यात जुन्या कागदावरची रेघ उडून पिवळट पट्टी उरली होती. तीन वर्षं प्रत्येक डॉक्टरनं त्यांना "तुम्हाला काही नाही झालं" एवढंच सांगितलं होतं. त्यांना काहीतरी झालं होतं. हृदयाला झालं नव्हतं, इतकंच. त्यांच्यासोबत आम्ही केलं ते साधंच होतं: लांब श्वास सोडण्याचा सराव, आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीनं पुन्हा जाणं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग सुनेसोबत गांधीबागेपर्यंत, मग एकटीनं 'आपली बस' या शहर बसमधून सीताबर्डीपर्यंत.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यात फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. या तिघांत गोळ्या तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, मानसोपचाराच्या बोलण्याच्या पद्धती वापरतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्यात शिकलेले असतात. ताणतणाव, नातेसंबंध, दुःख, निर्णयाची कोंडी यात ते मदत करतात, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवतात.

समोरच्याला शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोचू नका. चांगला माणूस राग मानत नाही. आठवड्याभराच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून, पहिल्या भेटीतच "दहा सेशनचं पॅकेज घ्या, गॅरंटी देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. मनाच्या कामात गॅरंटी नसते.

नुसतं बोलून काय होणार?

हा प्रश्न पुरुषमंडळी जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. शेजारी, मित्र, भाऊ यांच्याशी बोलून बरं वाटतंच. पण ते आपल्याला आवडतं ते सांगतात, किंवा त्यांना स्वतःला जे जमलं ते सांगतात. समुपदेशक सल्ले कमी देतो. तो विचारतो, ऐकतो, आणि तुम्ही सांगितलेल्या दहा गोष्टींत सारखी परत येणारी एक गोष्ट तुमच्यासमोर धरतो.

एक भेट साधारण पाऊण तासाची. पहिल्या एक-दोन भेटी फक्त समजून घेण्यात जातात. मग आपण दोघं मिळून ठरवतो की नेमकं काय बदलायचं. मध्ये घरी करायचं काम असतं: झोपेची वही, टाळलेलं एक काम, रागाच्या वेळी काय वाटलं त्याच्या दोन ओळी. लिहिता येत नसेल तर मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं. बऱ्याच जणांचं सहा-आठ भेटींत मार्गी लागतं, काहींना जास्त लागतात. तीन-चार भेटींनंतर काहीच हललं नसेल तर तसं तोंडावर सांगा. पद्धत बदलता येते, समुपदेशक बदलता येतो.

खर्च किती येतो? आम्हाला परवडेल का?

आमच्याकडे ऐपतीप्रमाणे घेतात. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाहीत, आणि त्यासाठी कुठलाही दाखला मागत नाहीत. पण आम्ही लहान आहोत. सरकारी सोय मोठी आहे, ती माहीत असू द्या.

मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर, राज्यात अशी चारच. त्यामुळे विदर्भातल्या दूरदूरच्या गावांतून तिथे माणसं येतात. ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं, भरती व्हावंच लागतं असं नाही. सकाळी लवकर जा, डबा-पाणी सोबत ठेवा, आणि सोबत एक माणूस असू द्या. रांगेत त्रास असलेल्या माणसाचा धीर सुटतो आणि तो निघून जातो, हे आम्ही फार वेळा बघितलंय.

घरातून बाहेर पडणं शक्यच नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलणाऱ्या सुना, वसतिगृहातली पोरं, नाइट शिफ्टचे वॉचमन यांना आम्ही हाच नंबर देतो.

कुणाला कळणार तर नाही ना? मुलीचं लग्न जमवायचंय.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुम्ही आलात हे शेजाऱ्याला सांगायचं नाही, आणि नवऱ्यानं विचारलं तरी बायकोचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. अपवाद मोजके आहेत आणि ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो: कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयानं मागितलं, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. यातल्या शेवटच्या गोष्टीची खबर देणं पोक्सो कायद्यानं सक्तीचं आहे.

लग्नाबद्दल मनापासून सांगते. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट बंद होते ती गोळी, कारण सासरी ती कुणासमोर घ्यायची? महिन्या-दोन महिन्यांत त्रास उलटतो, आणि मग "आम्हाला फसवलं" हे भांडण आजारापेक्षा मोठं होतं. जिथे आधी मोकळेपणानं सांगितलं, तिथे एक-दोन स्थळं गेली, हे खरं. पण जे घर हो म्हणालं, त्यानं गोळीची वेळही सांभाळली.

गोळ्या चालू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात? सवय लागते का?

आजारावर अवलंबून आहे. उदासीनतेच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी लोक सोडून देतात. पहिलाच झटका असेल तर बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. स्किझोफ्रेनिया (भास होणं, खोटे संशय पक्के बसणं), बायपोलर (मन कधी फार चढणं, कधी फार उतरणं) यांत जास्त काळ लागतात, जशा शुगरच्या लागतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. म्हणून त्या डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. मेडिकल दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणत राहणं घातक आहे.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. माझ्या धाकट्या काकानं "आता मी ठणठणीत आहे" म्हणून एका दिवसात गोळ्या बंद केल्या, आणि आम्ही घरातल्यांनीच त्याला शाबासकी दिली. सहा आठवड्यांनी तो रात्रभर अंगणात उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. त्याला पुन्हा पूर्वीसारखं व्हायला वर्ष लागलं. त्या वर्षाचा दोष मी त्याला देत नाही. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

नागपुरात आणखी एक धोका आहे, तो उन्हाचा. बायपोलरमध्ये देतात ते लिथियम हे औषध चालू असेल आणि मे महिन्यात ४५ अंशांत घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, जुलाब, उलट्या, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि लगेच दाखवा. मनाच्या इतर काही औषधांनीही घाम कमी येतो आणि ऊन पटकन लागतं. नवतपा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा, पाणी भरपूर प्या, मीठ एकदम बंद करू नका, आणि भर दुपारी बाहेरचं काम टाळा.

मानकापूरला नेलं की कायमचं ठेवून घेतात का? शॉक देतात का?

"मानकापूरला पाठवीन" ही धमकी नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवली गेली. त्यातून बसलेली भीती अजून उतरत नाही. इंग्रजांच्या काळातलं हे रुग्णालय आहे, आणि जुन्या काळी तिथे माणसं सोडून देऊन नातेवाईक परतले नाहीत, हेही घडलं.

आज कायदा वेगळा आहे. स्वतःहून भरती झालेला माणूस सहसा स्वतःहून सुटी मागू शकतो. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला प्रतिनिधीच्या अर्जावर ठेवता येतं, पण त्याला दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदत आधी ३० दिवसांपर्यंतचीच असते. त्यापुढे ठेवायचं तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळापुढे जावं लागतं. माणसाला समाजात, आपल्या लोकांत राहण्याचा हक्क आहे, असं हा कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. आपण पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं, हेही आधी लिहून ठेवता येतं.

विजेचा उपचार मोजक्या आजारांत, डॉक्टरांच्या निर्णयानं देतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता तो देण्यास कायद्यानं बंदी आहे. खूप खोल उदासीनतेत, जेवणखाण सुटलेल्या माणसाला त्यानं जीवदान मिळालेलं मी बघितलंय.

बाहेरचं तर काही नसेल ना? आधी बाबाकडे दाखवून घेऊ का?

ताजबागला जाऊन चादर चढवा, टेकडीच्या गणपतीला जा, दीक्षाभूमीवर स्तूपाच्या गारव्यात तासभर शांत बसा. त्यानं मन निवतं आणि आम्ही कधीच अडवत नाही. श्रद्धा आणि गोळी एका घरात नांदू शकतात.

पण जिथे माणसाला साखळीनं बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात, तिथून त्याला तत्क्षणी उचला. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि "डॉक्टरची गोळी बंद कर तरच माझा गुण येईल" म्हणणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका. आवाज ऐकू येणं, कुणी मारायला टपलंय असं ठामपणे वाटणं, हे मेंदूच्या आजारानं होतं. उपचार जितके लवकर तितकं परत येणं सोपं.

नवरा रोज पितो. त्याला न सांगता जेवणातून औषध देऊ का?

नाही. बसस्टँडवरच्या भिंतीवर जाहिराती असतात, "न सांगता दारू सोडवा". दारू सोडण्यासाठी देतात त्यातलं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ते फक्त माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच देतात.

दुसरी चूक उलट्या बाजूची. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावतात. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, भास होतात, आणि घरचे समजतात की दारू सोडल्यानं वेड लागलं. ही अवस्था जिवावरची असते. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवी.

त्यानं सोडायची ठरवेपर्यंत तुम्ही काय करायचं? त्याची उधारी फेडणं, कामावर "ताप आहे" असा खोटा फोन करणं, पिऊन आल्यावर वाद घालणं, या तीन गोष्टी थांबवा. सकाळी शुद्धीत असताना मोजकं बोला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय सेवा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसे पडत नाहीत. मारहाण होत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता, दारू नंतर.

नवरा-बायकोचं पटत नाही. दोघांना एकत्र बसवाल का?

दोघांची इच्छा असेल तर हो. आधी दोघांना वेगवेगळं ऐकतो, मग एकत्र. पण घरात मारहाण होत असेल तर एकत्र बसवत नाही. तिनं इथे तोंड उघडल्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. अशा वेळी महिलांसाठीचा १८१, पोलिसांचा ११२, नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं संरक्षण, याची माहिती आम्ही तिला एकटीला देतो. "थोडं सहन कर" हे वाक्य या खोलीत कुणी उच्चारत नाही.

तो म्हणतो, "जगून काय करू." खरंच काही करेल का? विचारलं तर डोक्यात भलतंच येईल अशी भीती वाटते.

विचारा. विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट एकट्यानं ओढत असलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. शेजारी बसा, टीव्ही बंद करा, आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" हो म्हणाला तर रागावू नका, रडू नका, "लेकरांचा विचार कर" म्हणून त्याच्यावर अपराध लादू नका. "बरं झालं सांगितलंस. आता हे दोघांचं आहे," एवढं म्हणा. मग कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का, तेही विचारा.

त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं, उंदीर मारायचं औषध, गोळ्यांचे साठे उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. शेतीच्या गावात आमची ही पहिली विनंती असते. टोकाची लाट बरेचदा काही तासांत ओसरते, आणि त्या तासांत बाटली हाताशी नसणं हेच माणसाला वाचवतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ लावा. मेडिकल आणि मेयोचा अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो.

काही घेतलंच असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा, आणि बाटली किंवा पाकीट सोबत न्या. पोलिस केस होईल म्हणून थांबू नका. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, त्याच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

मुलगी नीटची तयारी करतेय. खोलीबाहेर येत नाही. आळस आहे की काही त्रास?

आळशी मुलाला मित्र, मोबाइल, पाणीपुरी तरी आवडते. जिचं सगळ्यातलंच मन उडालंय, तिला त्रास आहे. वर्गातल्या टेस्टचे मार्क विचारायच्या आधी "जेवलीस का, झोपलीस का" हे विचारा. आमच्याकडे आणाल तेव्हा संमती पालकांची लागते, पण निम्मा वेळ ती एकटी बोलेल, आणि तिनं सांगितलेलं सगळं आम्ही तुम्हाला सांगणार नाही. हे आधी मान्य करून या. निकालाच्या दिवशी घरात कुणीतरी असू द्या. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, तिच्या हातात देऊ नका.

बाळंतीण सारखी रडते.

पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर दाखवा. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत. ती असंबद्ध बोलते, दिवसेंदिवस झोपत नाही, बाळाबद्दल विचित्र संशय घेते, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि बाळाला तिच्यासोबत एकटं ठेवू नका. सव्वा महिना होऊ द्या, मग बघू, असं म्हणू नका.

बाबा सगळं विसरतात, संशय घेतात. म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं का?

आधी बी-१२, थायरॉइड, शुगर, कानानं नीट ऐकू येतं का, ते बघा. यातलं काही दुरुस्त केलं की कधीकधी माणूस बराच सुधारतो. स्मृतिभ्रंश निघाला तर त्यांच्याशी वाद घालून त्यांची चूक पटवू नका, ती पटत नाही. दिवसाची सांभाळणी एकाच सुनेवर येऊ नये, यासाठी सगळ्या भावंडांना एकदा आमच्याकडे बोलवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

विमा मिळतो का? अपंगत्वाचं प्रमाणपत्र?

शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असं २०१७ चा कायदा सांगतो. पॉलिसीत ओपीडी आहे की फक्त भरती, ते वाचा. दीर्घ आजारात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ४० टक्के किंवा जास्त असल्यास प्रमाणपत्राचे लाभ मिळतात.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, असतील ते रिपोर्ट. आधार कार्ड मागत नाही. खरं नाव सांगायचं नसेल तर पहिल्या दिवशी नका सांगू. लहान मूल असेल तर घेऊन या, बाहेरच्या बाकावर आमच्या मावशी त्याला सांभाळतात, त्यांच्याकडे खडू आणि पाटी असते. संत्र्याच्या दिवसांत संत्रीही असतात. दार लोटलेलं दिसलं तरी आत कुणीतरी असतं, ढकलून या.